नेपाळचे अर्थकारण आणि नवदीक्षितांचा संसार

(रिठद, जिल्हा वाशीम येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे एका परक्या देशाच्या अर्थकारणाविषयी बोलणार आहे, हे ऐकून तुमच्यापैकी कित्येकांना नवल वाटेल. ज्यांना दीक्षा घेऊन फार दिवस झाले नाहीत, ज्यांच्या घरी त्रिशरण आणि पंचशील आता कोठे मुखी बसू लागले आहे, ते येथे धम्माविषयी ऐकावयास आलेले असतात. आणि वक्ता मात्र नेपाळातील भात, वीज आणि मजुरी यांचा हिशेब मांडू लागतो! परंतु संसाराचा हिशेब हा धम्माच्या बाहेरचा विषय आहे असे मी मानीत नाही, आणि बाबासाहेबांनीही तसे मानले नाही. ते जगातील नामांकित विद्यापीठांतून अर्थशास्त्र शिकून आले होते, हे आपण जयंतीच्या दिवशी अभिमानाने सांगतो. मग त्या शास्त्राचा दिवा स्वतःच्या चुलीजवळ नेण्यास आपण का संकोचावे?

नेपाळच का, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक तर तथागतांचा जन्म ज्या लुंबिनीत झाला ती लुंबिनी आज नेपाळच्या सीमेत आहे. दुसरे असे की, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास आपल्याला दीक्षा दिल्यावर सव्वा महिन्याच्या आत बाबासाहेब काठमांडूला गेले. तेथे जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले होते. देह थकलेला होता, तरी 20 नोव्हेंबरला त्यांनी तेथे भाषण केले आणि बुद्ध की कार्ल मार्क्स हा प्रश्न जगातील बौद्धांपुढे ठेवला. त्यानंतर सोळा दिवसांनी ते आपल्यातून गेले. शोषण नाहीसे झाले पाहिजे याविषयी दोन्ही मार्गांचे एकमत आहे; मात्र ते बळजबरीने करावयाचे की माणसाचे मन पालटून, येथे वाट फुटते, असा त्या भाषणाचा आशय होता. हे भाषण त्यांनी जेथे केले त्या देशात त्या वेळी शोषणाचे रूप कसे होते, हे आपण सहसा विचारीत नाही. ते मी आज सांगणार आहे.

आरंभ लुंबिनीपासूनच करू. तेथे सम्राट अशोकाचा शिलास्तंभ उभा आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी अशोक स्वतः तेथे आला, त्याने वंदन केले आणि स्तंभ उभारला, असे त्यावर कोरलेले आहे. लेख लहानसाच, परंतु त्याचा शेवट पाहा. येथे भगवंतांचा जन्म झाला म्हणून लुंबिनी गावाला बली नावाच्या करातून मुक्त केले आहे आणि पिकाचा राजभाग आठवा हिस्सा एवढाच ठेवला आहे, असे तेथे लिहिले आहे. त्या काळी राजाचा भाग सहसा सहावा मानला जाई. जगाच्या पाठीवर बुद्धाच्या जन्मस्थळाची जी सर्वांत जुनी लेखी खूण आहे, तिच्यात पूजेच्या जोडीला शेतकऱ्याच्या खळ्यावरील ओझे कमी केल्याची नोंद आहे. हे मला फार मोलाचे वाटते. अशोकाने त्या गावात वंदन केले आणि लगेच गावाच्या पोटाचा विचार केला.

आता देश पाहू. नेपाळचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 47 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. 2021 च्या शिरगणतीत लोकसंख्या 2 कोटी 91 लाख भरली. देशाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग डोंगर आणि हिमालय. दक्षिणेला तराई म्हणून जी सपाट पट्टी आहे तेवढीच काय ती सोपी जमीन, आणि आज निम्म्याहून अधिक लोक त्या पट्टीत राहतात. समुद्र नाही. समुद्रमार्गे माल यावयाचा तो मुख्यतः कोलकात्याच्या बंदरातून, शेकडो मैल भारतातून. सीमेवरची वाट अडली की देश अडतो. 1989 मध्ये भारताशी व्यापाराचा करार संपला तेव्हा हे घडले, आणि 2015 मध्ये पुन्हा घडले. त्या वर्षी 25 एप्रिलला भूकंपाने सुमारे नऊ हजार माणसे गेली होती. घरे पडलेली, आणि पाठोपाठ महिनोन् महिने गॅस व औषधे यांची टंचाई. डोंगरातील पुष्कळ गावी अजून ओझे माणसाच्या पाठीवरूनच चढते. डोको नावाची बांबूची टोपली पाठीला आणि तिचा पट्टा कपाळाला, अशा रीतीने मीठही वर जाते आणि छपराचा पत्राही.

म्हणून नेपाळच्या गरिबीचे कारण विचारले तर बहुतेक लोक डोंगराकडे बोट दाखवितात. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु आपले रिठद काही हिमालयात नाही. येथे काळी जमीन आहे, सोयाबीन आणि तूर पिकते, रस्ता आहे. याच वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती आणि त्याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळी अजिंठ्याची कित्येक लेणी खोदली गेली. असे असूनही आपल्या वस्तीतील घर आणि नेपाळातील डोंगरावरचे लोहाराचे घर, या दोहोंच्या कणगीत फारसे अंतर का पडले नाही? डोंगराने जर गरिबी येते, तर मग सपाटीवर ती कोठून आली?

या प्रश्नाचे उत्तर नेपाळच्या एका जुन्या कायद्यात सापडते. 1854 मध्ये जंगबहादूर राणा याने मुलुकी ऐन नावाची संहिता अमलात आणली. आपल्याकडे अस्पृश्यता रूढीने आणि स्मृतींच्या आधाराने चालत असे. तेथे ती सरकारी कायद्यात कलमावार लिहिली गेली. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाचे चालत नाही, कोणाचा स्पर्श झाला असता अंगावर पाणी शिंपडावे लागते, यांची उतरंड लावून प्रत्येक जातीला तिची पायरी दिली. एकाच गुन्ह्याची शिक्षाही जात पाहून ठरे. सर्वांत खालच्या पायरीवर कामी म्हणजे लोहार, सार्की म्हणजे चर्मकार, दमाई म्हणजे शिवणारे आणि वाजविणारे, शिवाय गाणारे गाइने आणि इतर. हा कायदा 1963 मध्ये बदलला. म्हणजे बाबासाहेब 1956 मध्ये काठमांडूच्या सभेत उभे होते तेव्हा सभागृहाबाहेर हाच कायदा लागू होता.

आता या लोकांची मजुरी कशी मिळे ते ऐका. येथे तुम्हांला आपलाच गाव दिसू लागेल. लोहाराने वर्षभर गावातील ठराविक घरांचे विळे, कोयते, नांगराचे फाळ करावयाचे आणि दुरुस्त करावयाचे. दमाईने त्या घरांचे कपडे शिवावयाचे आणि त्यांच्या लग्नात वाजवावयाचे. पैसा नाही. पीक निघाले की त्या घरांनी ठराविक धान्य घालावयाचे. या पद्धतीला तेथे बालीघरे म्हणतात, आणि पश्चिमेकडील डोंगरात खलो असे नाव आहे. खलो हा शब्द ऐकताच ज्याला आपले खळे आठवणार नाही असा वृद्ध माणूस या सभेत नसेल. बलुते म्हणा की खलो म्हणा, कामाला मोजमाप नाही आणि दाण्याला मात्र मोजमाप आहे. काम नाकारले तर दाणा बंद; दाणा कमी पडला म्हणून काम सोडतो म्हणावे तर दुसरे काम करण्याची मुभा नाही, कारण काम जन्माने ठरलेले. ज्याला आपल्या श्रमाची किंमत बोलता येत नाही, त्याच्या हाती कला असूनही भांडवल कधी साठत नाही. विळ्याला धार लावणारा लोहार पिढ्यान् पिढ्या त्याच भात्यापुढे बसून राहतो, आणि देशात लोखंडाचे कारखाने निघतात तेव्हा त्यांचा मालक कोणी दुसराच असतो. याला अर्थशास्त्रात काय नाव आहे ते पंडितांनी सांगावे. बाबासाहेबांनी मात्र साध्या शब्दांत सांगून ठेवले आहे की, जातिव्यवस्था ही श्रमाची वाटणी नसून श्रमिकांची वाटणी आहे.

पश्चिम नेपाळच्या डोंगरात याहून वाईट प्रकार होता. हलिया म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर धरणारा. बापाने कधी आजारात किंवा लग्नात मालकाकडून उचल घेतलेली. व्याजापोटी नांगर धरावयाचा. बाप मेला की मुलाने. आपल्याकडील सालगड्याचे साल निदान पाडव्याला संपते, हलियाचे साल संपतच नसे. यांत बहुसंख्य दलित होते. 6 सप्टेंबर 2008 रोजी नेपाळ सरकारने हलियांचे कर्ज रद्द करून त्यांना मुक्त जाहीर केले. तराईतील थारू जमातीत कमैया नावाची अशीच वेठ होती, ती 17 जुलै 2000 रोजी बंद झाली. परंतु मुक्ती जाहीर झाल्यावर मालकाच्या जमिनीवरील झोपडे सोडावे लागले आणि स्वतःची जमीन नव्हती. मुक्त झालेला माणूस रस्त्याच्या कडेला राहावयास आला. जमिनीवाचून मिळालेली मुक्ती किती अपुरी असते हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे याच ओळखीतून 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले होते, आणि याच ओळखीतून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्या दुसऱ्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली.

आता नेपाळचे आजचे अर्थकारण कशावर चालते ते सांगतो. शेतीवर निम्म्याहून अधिक कुटुंबे आहेत खरी. परंतु जो देश एके काळी तांदूळ बाहेर पाठवीत असे तोच आता तांदूळ विकत आणतो. बाहेरून येणारा माल बाहेर जाणाऱ्या मालाच्या कित्येक पट आहे. मग ही तूट भरते कशाने? माणसांनी. नेपाळ आपली तरुण माणसे बाहेर पाठवितो. मलेशिया, कतार, सौदी अरेबिया, दुबई, आणि पुरातन काळापासून भारत. 2022-23 या एका वर्षात, जुन्यांचे नूतनीकरण धरून, सात लाखांहून अधिक श्रमपरवाने दिले गेले. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून तो या आकड्यात नाहीच. या माणसांनी घरी पाठविलेला पैसा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा भरतो.

ही प्रथा आजची नव्हे. इंग्रजांशी 1814 ते 1816 या काळात युद्ध झाले, सुगौलीचा तह झाला, आणि तेव्हापासून नेपाळी तरुण परक्यांच्या पलटणीत भरती होऊ लागला. लाहोरला जाऊन शिपाई होतो तो लाहुरे, असा शब्द तेथे रूढ झाला. पुढे बाहेरगावी कमावणाऱ्या कोणालाही लाहुरे म्हणू लागले. पलटणीची ही दारे मुख्यतः गुरुंग, मगर, राई, लिंबू या जमातींना उघडी होती. लोहार-चर्मकारांना ती बहुधा बंदच राहिली.

येथे थोडे आपल्याकडे वळू या. आपलेही पूर्वज लाहुरे होते! मुंबई इलाख्यातील महार ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते, आणि 1818 च्या भीमा कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. पुढे 1892 च्या सुमारास लढाऊ जातींचे खूळ निघाले आणि आपल्या भरतीचे दार बंद झाले. ते नीट उघडले 1941 मध्ये, महार रेजिमेंट निघाली तेव्हा. जोवर ते दार उघडे होते तोवर पलटणीतून आपल्याला दोन गोष्टी मिळाल्या : रोख पगार आणि शाळा. बलुत्यातून या दोन्ही कधी मिळाल्या नसत्या. सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या हाती जो पैसा येई तो आजच्या आखाती देशातल्या मजुराच्या पैशाहून मोठा नव्हता. निवृत्तीनंतर तर तो आणखी आटला. परंतु त्या माणसाने त्याच पेन्शनीत मुंबईत बिऱ्हाड केले, मुलाला इंग्रजी शाळेत घातले, परवडत नसता पुस्तके आणून दिली. त्या काळी आपल्या जातीतील शेकडो पेन्शनर घरोघरी होते. बाकीच्यांच्या पेन्शनीचे काय झाले, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. त्यांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. खाणारी तोंडे सर्वांना असतात.

नेपाळात या प्रश्नाचे उत्तर सरकारनेच शोधले आहे. 2010-11 मध्ये तेथे घरोघरी जाऊन राहणीमानाची पाहणी करण्यात आली. बाहेरून आलेला पैसा कोठे जातो, असे विचारले. शंभर रुपयांतील सुमारे 79 रुपये रोजच्या खर्चात गेले. सुमारे 7 रुपये कर्ज फेडण्यात गेले. मुलांच्या शिक्षणावर चार रुपयेही पुरते लागले नाहीत. आणि ज्याला भांडवल म्हणता येईल, म्हणजे ज्यातून पुढे आणखी रुपया उगवेल, त्यात दोन-अडीच रुपये पडले. हे आकडे मी मुद्दाम सावकाश सांगत आहे. घरी जाऊन मुलाकडून पाटीवर लिहून घ्या.

त्या 79 रुपयांची निंदा मला करावयाची नाही. 1995-96 मध्ये नेपाळात शंभरांतील सुमारे 42 माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. 2022-23 मध्ये, ती रेषा वर नेल्यानंतरही, सुमारे 20 उरली. ही घट मुख्यतः या पाठविलेल्या पैशानेच घडविली. ज्या घरात दोन वेळा चूल पेटत नव्हती तेथे ती पेटली, ही लहान गोष्ट नव्हे. आणखी एक गोष्ट अशी की, रोकड हाती आल्यावर खलोची बेडी सैल झाली. दुबईहून पैसे आले की लोहाराचा मुलगा मालकाच्या अंगणात धान्यासाठी उभा राहत नाही. परक्या देशात घाम गाळून त्याने गावातील मान विकत घेतला, असेच म्हणावे लागते.

परंतु किंमत पाहा. बाहेर जाण्यासाठी दलालाला द्यावयाचा पैसा सावकाराकडून येतो, शेकडा 36 व्याजाने. तराईत तर मीटर ब्याज नावाचा प्रकार आहे; भाड्याच्या मोटारीचे मीटर जसे गाडी उभी असतानाही पळते, तसे हे व्याज पळते. त्यात जमिनी गमावलेले शेतकरी आणि मजूर 2022-23 मध्ये पायी काठमांडूला गेले, आणि नंतर सरकारने अशी सावकारी गुन्हा ठरविली. काठमांडूच्या विमानतळावर एका दाराने तरुण बाहेर पडतात आणि दुसऱ्या दाराने शवपेट्या आत येतात. गावात म्हातारी माणसे, मुले आणि स्त्रिया उरतात. शेत पडीक पडते. सप्टेंबर 2025 मध्ये तेथील तरुणांनी भ्रष्टाचाराविरुद्ध उठाव केला, सत्तरांहून अधिक माणसे मेली, आणि सरकार कोसळले. ज्या देशात तरुणाला राबण्यासाठी देश सोडावा लागतो तेथे तो एक दिवस घरच्यांना जाब विचारणारच.

डोंगराला शाप म्हणणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी सांगतो. नेपाळात पहिले वीजघर 1911 मध्ये फर्पिंग येथे निघाले. ती वीज मुख्यतः राणांच्या वाड्यांसाठी होती. पाणी अफाट, उतार अफाट, तरी शंभर वर्षांनंतर काठमांडूत दिवसाचे सोळा-अठरा तास अंधार असे. 2016 नंतर तो सरला, आणि 2021 पासून नेपाळ भारताला वीज विकू लागला. डोंगर तोच, पाणी तेच. दुसरी गोष्ट वनांची. 1993 च्या कायद्याने गावकऱ्यांच्या समित्यांच्या हाती वने दिली, आणि बोडके झालेले डोंगर पुन्हा हिरवे झाले. जगात याचे कौतुक होते. मात्र पुष्कळ समित्यांनी वनात कोळसा पाडण्यास बंदी घातली. ती बंदी वनासाठी चांगली असेल, परंतु लोहाराचा भाता कोळशावर चालतो, आणि समितीत लोहाराला कोणी विचारले नव्हते. गावाचे हित ठरविताना आपला माणूस बैठकीत नसला तर हिताचा वाटा कोणाकडे जातो, हे गायरानाच्या प्रश्नात आपण पाहिलेच आहे.

कोणी म्हणेल, नेपाळात हिंदूंचे प्राबल्य आहे, बौद्ध शेकडा 8 च आहेत. एखाद्या बौद्ध देशाचे उदाहरण द्या. भूतान घ्या. सगळा देश मिळून लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्याहून कमी. 2011 मध्ये वाशीमचीच जवळजवळ बारा लाख होती. भूतान नदीची वीज भारताला विकतो, शाळा आणि दवाखाना प्रजेला मोफत देतो, उत्पन्नाबरोबर प्रजेचे समाधानही मोजतो, आणि 2023 मध्ये तो अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडला. हे सारे स्तुत्य. परंतु त्याच बौद्ध राज्यात 1950 च्या दशकापर्यंत कुळांना दासासारखे राबविले जाई, तिसऱ्या राजाने ते बंद केले. आणि 1990 च्या सुमारास त्याच राज्यातून नेपाळी भाषा बोलणारे सुमारे एक लाख लोक बाहेर लोटले गेले व वर्षानुवर्षे नेपाळातील छावण्यांत पडून राहिले. राज्याच्या ध्वजावर धम्माची खूण असली म्हणजे राज्यात धम्म असतो असे नाही. घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर असली म्हणजे घरात धम्म असतो असेही नाही. पण हे मी फार बोलत नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. रिठदमधूनही मुले पुण्या-मुंबईला जातात, कोणी कारखान्यात, कोणी बांधकामावर, कोणी सैन्यात. तीही लाहुरेच. त्यांचा पैसा येतो तेव्हा त्यातील किती रुपये भांडवलात पडतात? तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले : एक भाग संसाराला, दोन भाग व्यवसायात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखीव. ज्याच्या पदरी एकच भाकर आहे त्याने तिचे चार तुकडे कसे करावे, असा आक्षेप तुम्ही घ्याल, आणि तो रास्त आहे. त्याच तथागतांनी कूटदंत ब्राह्मणाला जी कथा सांगितली तिच्यात राजाचेही कर्तव्य सांगितले आहे : शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, चाकराला पुरेसे वेतन द्यावे. राज्याने आपले कर्तव्य करावे म्हणून आपण भांडलेच पाहिजे. 2004 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्याच नावाने राज्य सरकारने एक योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला तीत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन मिळू शकते, आणि 2018 पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. जमीन विकणारा मिळत नाही म्हणून ती पुष्कळदा रेंगाळते. तरी अर्ज समाजकल्याण कार्यालयात पडलेला असला पाहिजे. न केलेल्या अर्जासाठी मोर्चा काढता येत नाही.

परंतु चाळीस रुपये वाचविणे जेथे आपल्या हाती आहे तेथे राज्याची वाट कशाला पाहावयाची? दीक्षेच्या वेळी आपण देव सोडले, नवस सोडले, श्राद्ध सोडले. त्यांचा खर्च कोठे गेला? मी अशी घरे पाहिली आहेत की जेथे सत्यनारायण बंद झाला, पण लग्नाचा मंडप दुप्पट झाला. श्राद्ध गेले, पण तेरवीचे जेवण पुण्यानुमोदन या नावाने चालूच राहिले, आणि त्यासाठी उचल त्याच दारातून आणली, जेथे आपला आजा बलुते मागावयास उभा राहत असे. बाबासाहेबांनी दिलेला विवाहविधी अगदी साधा आहे. वाजंत्र्याचा भोंगा त्यात कोठेही लिहिलेला नाही.

भगिनींनो, हे काम मी तुमच्या स्वाधीन करतो, कारण पुरुष बाहेर गेल्यावर नेपाळातही घर आणि शेत बायांनीच धरले. एक साधी वही घ्या. एका बाजूला बाहेरून आलेला पैसा आणि घरची मजुरी लिहा. दुसऱ्या बाजूला पाच खाती करा : अन्न, व्याज, समारंभ, शाळा, आणि पुढे उपयोगी पडेल अशी वस्तू, मग ती शेळी असो, शिवणयंत्र असो किंवा बचत गटातील हप्ता असो. दारूचे खाते मी मुद्दाम वेगळे सांगितलेले नाही. पंचशील घेतलेल्या घरात ते नसावे, आणि असले तर समारंभात न लपविता त्याच्याच नावाने लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवावे. तिला हिशेब येईल आणि घरात पैसा कोठे जातो हेही कळेल.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर या वह्या उघडू. कोणाचाही आकडा दुसऱ्याला सांगावयाचा नाही. ज्याचा त्याने शाळेच्या आणि व्याजाच्या खात्याखाली काय बेरीज आली एवढेच पाहावयाचे. ज्या घराचे व्याज शाळेहून मोठे निघेल त्या घराचे कर्ज बचत गटातून कसे फेडावे, हे तेथेच बसून ठरवू. नेपाळच्या पाहणीतील ते चार आकडे मी फळ्यावर लिहून ठेवीन.

जय भीम. नमो बुद्धाय.